सड्यावरचे जुने पंखे बदलायची वेळ आली, पण गावाचा वाटा कधी ठरणार?

सड्यावरचा

नमस्कार मंडळी. आमच्या भागातला विषय आहे, पण सांगली, धुळे, नंदुरबार, अहिल्यानगर सगळीकडच्या पवनचक्कीवाल्या गावांना लागू पडेल म्हणून इथं सविस्तर लिहितोय.

साताऱ्याहून ठोसेघरच्या पुढं गेलं की चाळकेवाडी आणि पलीकडं पाटण तालुक्यातलं वनकुसवडे. हा सगळा सडा, म्हणजे डोंगरमाथ्यावरचं कातळाचं पठार, १९९९-२००० च्या आसपास पंख्यांनी, म्हणजे पवनचक्क्यांनी, भरायला लागला. त्यातली बरीच मशीनं २२५, २५०, ३५०, ५०० किलोवॅटची. आज त्यांना वीस-पंचवीस वर्षं झाली, म्हणजे ज्या आयुष्याचा हिशोब धरून बनवली होती ते संपलं किंवा संपत आलं. आमच्या वाडीच्या वरच्या अंगाला काही टॉवर असे आहेत की गिअरबॉक्समधलं तेल गळून वरपासून पायथ्यापर्यंत काळे ओघळ आलेत, पाती एकाच जागी अडकलीत, आणि ऐन जुलैच्या वाऱ्यातसुद्धा ती हलत नाहीत. शेजारचं मशीन फिरतंय आणि हे उभं. मालक कुठल्या शहरात आहे गावात कुणालाच माहीत नाही.

आता केंद्राचं डिसेंबर २०२३ चं धोरण आहे, जुनी मशीनं काढून तिथं मोठी बसवायची किंवा आहेत त्यांचं आयुष्य वाढवायचं यासाठी. २०१६ च्या धोरणात १ मेगावॅट आणि त्याखालची मशीनं धरली होती, नव्यात २ मेगावॅटच्या खालची सगळी धरलीत. देशभरात अशी २५.४ गिगावॅटची शक्यता आहे असा राष्ट्रीय पवन ऊर्जा संस्थेचा अंदाज. म्हणजे हे होणार, आज नाही तर पाच वर्षांनी. आमच्याकडं उन्हाळ्यात कुठल्यातरी कंपनीचे सर्व्हेवाले येऊन खुणा करून गेले, ग्रामपंचायतीला कागद नाही की निरोप नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की पहिल्या वेळी जे झालं ते परत व्हायला नको. तेव्हा जमिनी मातीमोल भावात गेल्या. पंखा म्हणजे काय, त्यातून किती युनिट वीज निघते, युनिटला काय भाव मिळतो, हे विकणाऱ्याला माहीतच नव्हतं. मध्ये एजंट होते, मुखत्यारपत्रं झाली, भावाभावांत वाद लागले ते अजून कोर्टात आहेत. या वेळी जुनं मशीन उतरवायच्या आधी गावाचा वाटा काय, तो दर युनिटला किती आणि कुणाच्या खात्यात, हे लेखी ठरलं पाहिजे. एकदा क्रेन घाट चढून वर आली की गावाच्या हातात काही रहात नाही.

जाणकारांनी लिहा. विशेषतः तांत्रिक बाजू, म्हणजे नऊ काढून एक बसवणार वगैरे जे ऐकतोय त्यात तथ्य किती?

टर्बाइन_मेकॅनिक

दादा, मी याच कामात आहे, सांगली आणि धुळे दोन्हीकडं ओ अँड एम, म्हणजे मशीन चालवणं आणि देखभाल, केलंय. नऊचं एक हे बरोबर आहे, गणित सांगतो.

३५० किलोवॅटच्या जुन्या मशीनचा रोटर, म्हणजे पात्यांचं चक्र, साधारण ३३ मीटर व्यासाचा. आत्ता जी ३ मेगावॅटच्या वरची मशीनं बसतायत त्यांचा रोटर १४० मीटरच्या पुढं आणि हब, म्हणजे पाती जोडतात तो मधला भाग, १४० ते १६० मीटर उंचीवर. रोटर जितका वारा कापतो ते क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गानं वाढतं, त्यामुळं व्यास सव्वाचार पट झाला तर क्षेत्रफळ अठरा पट होतं. म्हणजे ३५० ची नऊ मशीनं उतरवून ३.१५ मेगावॅटचं एक बसवलं तर कागदावर क्षमता तेवढीच, पण कापलेला वारा दुप्पट, आणि उंचीवर वारा जास्त आणि एकसारखा. वाऱ्याची ताकद वेगाच्या घनानं वाढते त्यामुळं थोडा वेग वाढला तरी युनिटमध्ये मोठा फरक पडतो. जुनं मशीन कमी वाऱ्यात नुसतं उभं असतं, नवीन तेव्हाही फिरतं.

आणखी एक. ३५० च्या मशीनचे इलेक्ट्रॉनिक कार्ड, पिच (पात्याचा कोन बदलणारी यंत्रणा), कंट्रोलरचे पार्ट आता बनत नाहीत. एक बंद पाडून त्याचे पार्ट काढून दुसरं चालू ठेवायचं हे सगळीकडं चालतं, तुम्ही लिहिलेलं ते उभं मशीन बहुतेक त्याच कारणानं उभं असणार.

मग इतकी वर्षं बदलली का नाहीत? कारण मालकी. एका सड्यावर वीस-तीस मालक, कुणाची दोन लोकेशन (मशीनच्या जागा), कुणाचं एक. त्या काळात इन्कम टॅक्समध्ये पहिल्याच वर्षी मशीनच्या किमतीवर १०० टक्के घसारा मिळायचा, नंतर तो ८० टक्के झाला, त्यामुळं साखर, कापड, औषध, कुठल्याही धंद्यातल्या माणसानं टॅक्स वाचवायला पंखे घेतले. आता मोठं मशीन बसवायचं तर दोन मशीनमध्ये अंतर जास्त लागतं, म्हणजे पाच-सहा मालकांना एकत्र यावं लागतं, आणि प्रत्येकाचा वीजखरेदी करार वेगळा, संपण्याची तारीख वेगळी. नव्या धोरणात मालकांनी एकत्र येऊन प्रकल्प करायची सोय दिलीय ती यासाठीच.

मृण्मयी_पुणे

खूप चांगला धागा. एक शंका, मशीनं कमी झाली तर जागा पण मोकळी होणार ना? ती मूळ शेतकऱ्यांना परत मिळू शकते का?

सड्यावरचा

मृण्मयीताई, कळीचा प्रश्न आहे हा. जिथं खरेदीखत झालंय तिथं सातबारावर कंपनीचं किंवा मशीनमालकाचं नाव आहे, ती आपोआप परत येत नाही. जिथं भाडेपट्टा आहे तिथं मुदत आणि अटी बघाव्या लागतील. पण गावानं मागणी करायला काय हरकत आहे? आठ फाउंडेशनच्या जागा रिकाम्या होणार असतील तर त्या कंपनीनं दुसऱ्या कुणाला, समजा रिसॉर्टवाल्याला, विकू नयेत, आधी मूळ मालकाला किंवा ग्रामपंचायतीला विचारावं ही अट घालता येईल. आमच्या भागात कासमुळं जमिनीचे भाव कुठं गेलेत सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळं ही भीती उगीच नाही.

दुसरं म्हणजे फाउंडेशनचं काँक्रीट. वरचा टॉवर भंगारात विकला जातो, त्याचे पैसे येतात म्हणून तो लगेच उचलतात. खालचा ठोकळा काढायला खर्च आहे, मग तो तसाच. त्यावर ना गवत येतं ना नाचणी.

साक्रीकर

आमच्याकडं धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या ब्राह्मणवेल भागात हाच विषय आहे, फक्त आमच्याकडं बराचसा भाग वनजमिनीचा. तिथं पिढ्यान्‌पिढ्या आदिवासी कुटुंबं कसतात, आणि पंखे आले तेव्हा वनहक्क कायदा नुकताच झाला होता, २००६ चा. दावे दाखल व्हायच्या आधीच रस्ते पडले. नंतर ऑगस्ट २००९ मध्ये केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाचं पत्रक आलं की वनजमीन दुसऱ्या कामाला द्यायची तर ग्रामसभेची संमती लागेल. तोवर आमच्याकडं मशीनं फिरत होती.

म्हणून माझा मुद्दा असा की मशीन बदलताना जुनीच परवानगी पुढं चालू धरणार की नव्यानं ग्रामसभा घेणार, हे सगळ्यात आधी विचारा. जागा तीच असली तरी काम नवं आहे. रस्ता रुंद होणार, क्रेनसाठी नवीन सपाटी होणार, वायरी नव्या पडणार, मग संमती जुनी कशी चालेल? आणि वाद झाला की अधिकारी पहिला प्रश्न विचारतात, तुमचा ठराव कुठाय. आमच्याकडं तेव्हा मोर्चे निघाले, माणसं जेलमध्ये गेली, पण तारीख घातलेला ठराव नव्हता.

गवताळ

सड्याला वाऱ्याची जागा म्हणून सगळे बघतात, मी गवताची आणि प्राण्यांची बाजू मांडतो.

चाळकेवाडीच्या सड्यावर बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या संशोधकांनी अभ्यास केला, तो २०१८ मध्ये नेचर इकॉलॉजी अँड इव्होल्यूशन या नियतकालिकात आला. पवनचक्क्या असलेल्या भागात शिकारी पक्षी, म्हणजे घारी, गरुड, ससाणे वगैरे, पवनचक्क्या नसलेल्या भागाच्या जवळपास एक चतुर्थांश निघाले. शिकारी कमी म्हणून तिथं सरडे वाढले. गळ्याखाली निळा-काळा-केशरी पंखा उघडतो तो सरडा, एप्रिल-मे मध्ये दगडावर बसलेले नर तुम्ही सगळ्यांनी पाहिले असतील. पवनचक्क्यांच्या भागातले हे सरडे माणूस अगदी जवळ आला तरी पळत नाहीत, त्यांच्यात ताणाचं हार्मोन कमी, पण अंगानं बारीक आणि नरांचे रंगही फिके. म्हणजे एका पात्याचा परिणाम घारीवर, घारीचा सरड्यावर, पुढं किड्यांवर.

मी पवनचक्कीच्या विरोधात नाही, कोळशापेक्षा वारा बराच चांगला. मशीनं कमी झाली तर पक्ष्यांना फिरायला मोकळी जागा मिळेलही, पण नवीन पात्याचं टोक दोनशे मीटरच्या वर जातं, तिथं घिरट्या घालणारे पक्षी वेगळे. त्यामुळं काढायच्या आधी एक पूर्ण वर्ष आणि बसवल्यावर दोन वर्षं मोजणी व्हावी, आणि ती गावातल्याच पोरांना शिकवून करावी. गुरं घेऊन रोज सड्यावर जाणाऱ्या गवळी-धनगर वस्तीतल्या मुलांना कुठला पक्षी कुठं बसतो हे आपल्यापेक्षा जास्त कळतं. सड्याच्या कातळावर नव्यानं मुरूम टाकू नये, आहे त्याच रस्त्यानं जावं, ही पण अट टाका.

ग्लासगोचा_नाना

मी मूळचा कराडचा, सध्या स्कॉटलंडमध्ये विजेच्याच क्षेत्रात. इथलं एक उदाहरण तुमच्याशी तंतोतंत जुळतं म्हणून लिहितो. हॅगशॉ हिल म्हणून स्कॉटलंडमधला पहिला व्यावसायिक पवनप्रकल्प, १९९५ चा, ६०० किलोवॅटची २६ मशीनं. ती सगळी उतरवून त्याच टेकडीवर १४ मोठी बसवली, क्षमता १६ मेगावॅटच्या आसपास होती ती ७९ झाली.

इथं गावासाठी दर मेगावॅटला दर वर्षी ५,००० पौंड द्यावेत असं सरकारचं मार्गदर्शक तत्त्व आहे, महागाईप्रमाणं वाढतं. कायद्यानं सक्ती नाही तरी बहुतेक प्रकल्प देतात, कारण न देणाऱ्याला पुढच्या परवानगीला त्रास होतो. पैसे गावाच्या ट्रस्टमध्ये जातात आणि कशावर खर्च करायचे ते गाव ठरवतं.

त्याहून मला गिघा बेटाचं जास्त आवडतं. बेटावरच्या लोकांनी २००२ मध्ये अख्खं बेटच मिळून विकत घेतलं, आणि नंतर २२५ किलोवॅटची तीन सेकंडहँड मशीनं आणून बसवली, स्वतःच्या मालकीची. तुमच्या सड्यावर ज्या साइजची भंगारात जाणार आहेत त्याच साइजची. वीज विकून आलेल्या पैशातून घरं दुरुस्त केली.

जर्मनीत २०२१ पासून अडीच किलोमीटरच्या आतल्या गावांना युनिटमागं ०.२ सेंट देता येतात अशी कायद्यातच सोय आहे. डेन्मार्कनं २००९ मध्ये नवीन प्रकल्पाचे २० टक्के शेअर साडेचार किलोमीटरच्या आतल्या रहिवाशांना आधी देऊ करायची सक्ती केली होती, ती २०२० पर्यंत होती.

टर्बाइन_मेकॅनिक

नाना, गिघाचं वाचून भारी वाटलं, पण इथं सेकंडहँड २२५ चालवायला पार्ट मिळायची मारामार, वर्षभरात बंद पडेल. गावानं जुनं मशीन गळ्यात घेऊ नये असं माझं स्पष्ट मत. युनिटमागं पैसे हा मार्ग बरा, कारण युनिटचं मीटर सबस्टेशनला असतं, दर महिन्याला जॉइंट रीडिंग, म्हणजे वीज कंपनी आणि मशीनवाले दोघांसमोर मीटरची नोंद, होतं, त्यात लपवाछपवी अवघड. नफ्यातला टक्का मागितला तर कंपनी नफाच दाखवणार नाही.

सड्यावरचा

अगदी हेच डोक्यात होतं. मी हिशोब मांडून बघितला. ३.१५ मेगावॅटचं एक मशीन, वर्षभरात सरासरी पूर्ण क्षमतेच्या २५ टक्के वीज धरली, तर साधारण ६९ लाख युनिट होतात. युनिटमागं फक्त ५ पैसे धरले तरी वर्षाला एका मशीनचे ३ लाख ४५ हजार. सड्यावर अशी वीस बसली तर ६९ लाख. आमच्यासारख्या डोंगरी ग्रामपंचायतीला ही रक्कम काय आहे ते कुणीही सांगेल, उन्हाळ्यात टँकरची वाट बघत बसणाऱ्या वाड्या आहेत इथं, आणि पाऊस मात्र असा की चार महिने दहा फुटांवरचं दिसत नाही.

आणि हे काही आकाशातलं मागणं नाही. आपल्याच राज्यात मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० मध्ये जमिनीला हेक्टरी सव्वा लाख वर्षाला भाडं, दर वर्षी ३ टक्के वाढ, आणि ग्रामपंचायतीला वर्षाला ५ लाख असे तीन वर्षं अनुदान आहे. सूर्याच्या विजेला जर गावाचा वाटा सरकार स्वतः लिहून देतं तर वाऱ्याच्या विजेला का नको?

कोल्हापुरी_मिरची

पण दादा, पैसे आले की भांडणं येणार. गावगुंड, ठेकेदार, पुढारी सगळे त्यावर टपलेले असतात. बीडमध्ये डिसेंबर २०२४ ला मस्साजोगच्या सरपंचांचा खून झाला त्यात पवनचक्की कंपनीकडं मागितलेल्या खंडणीचा विषय पुढं आला हे सगळ्या महाराष्ट्रानं बघितलं. गावाचा वाटा मागायचा म्हणजे उद्या कंपनी म्हणणार हे पण खंडणीच मागतायत.

सड्यावरचा

म्हणूनच तर उघड आणि लेखी पाहिजे. बंद खोलीत, रात्री, एका माणसाच्या हातात पैसे जातात तिथंच खंडणी सुरू होते. ग्रामसभेत ठराव, बँकेच्या खात्यात चेक, आणि दर वर्षी किती युनिट झाले, किती पैसे आले, कुठं गेले याचा फलक ग्रामपंचायतीच्या भिंतीवर. असं असेल तर दादागिरी करणाऱ्याला वावच कमी. कंपनीलासुद्धा हे परवडतं, कारण आत्ता त्यांना रस्ता अडवणाऱ्या प्रत्येकाला वेगळं समजवावं लागतं आणि तरी काम थांबतंच.

वाडीची_सून

मी ग्रामपंचायत सदस्य आहे, आमच्या गावाच्या हद्दीत पंखे आहेत. सगळं वाचलं, दोन गोष्टी आमच्या बायकांच्या बाजूनं.

एक, आवाज. पावसाळ्यात ढग खाली उतरतात तेव्हा पंखा दिसत नाही, नुसता सुं सुं आणि मग घप्प, परत सुं सुं घप्प, रात्रभर. लहान लेकरं दचकतात. पहिल्या वेळी घरापासून किती लांब पाहिजे हे कुणी विचारलंच नाही.

दोन, नोकऱ्या. तेव्हा सांगितलं होतं गावातल्या पोरांना काम मिळेल, मिळालं ते वॉचमनचं, तेही ठेकेदाराकडून, पगार कधी दोन महिन्यांनी. आमची पोरं आयटीआय झालेली आहेत, त्यांना वर चढायचं ट्रेनिंग दिलं तर ती मशीन चालवतील. मुलीसुद्धा आहेत इलेक्ट्रिशियन झालेल्या.

आणि ती जुनी शंका पण लोक परत काढतात, पंख्यांमुळं ढग पळतात आणि पाऊस कमी होतो. आता आणखी उंच पंखे येणार म्हटल्यावर मीटिंगमध्ये हे येणारच, मी काय सांगू?

टर्बाइन_मेकॅनिक

ताई, आवाजाचं आधी. केंद्राच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणं कुठल्याही राहत्या घरापासून ५०० मीटरच्या आत मशीन नको. रस्ता, इमारत यापासून हबची उंची अधिक रोटरचा अर्धा व्यास अधिक ५ मीटर, म्हणजे नवीन मशीनला सव्वादोनशे मीटरच्या आसपास. या दोन्ही गोष्टी तुम्ही स्वतः टेपनं मोजू शकता, नकाशावर खुणा करून आणा. मोठं मशीन हळू फिरतं त्यामुळं तो घप्प आवाज लवकर लवकर येत नाही, पण मशीन मोठं म्हणून आवाज दूरवर जातो, त्यामुळं ५०० च्या अटीवर तडजोड करू नका.

पावसाचं असं सांगा की पंखा वारा ढकलत नाही, त्यातली थोडी ताकद काढून घेतो. पाऊस देणारे ढग काही किलोमीटर जाडीचे असतात, समुद्रावरून शेकडो किलोमीटर पसरून येतात, त्यांच्यापुढं दोनशे मीटरचा पंखा काहीच नाही. आणि सगळ्यात सोपं म्हणजे कोयनेच्या पाणलोटाला लागून इतके पंखे आहेत, तिथला पाऊस लोक दर वर्षी बघतातच. उगीच हसून उडवू नका मात्र, दुष्काळात ज्यांनी पीक गमावलं त्यांनी हे बोललंय, शांतपणे सांगा.

पोरांना चढायचं ट्रेनिंग हवंच. बेल्ट, रोप, आगीच्या वेळी खाली कसं यायचं, हे सगळं शिकवून सर्टिफिकेट मिळतं, आणि ते असेल तर पोरगा देशात कुठंही कामाला लागतो. नोकरी द्या म्हणण्यापेक्षा मशीन उतरवायच्या आधी अमुक इतक्या पोरापोरींना ट्रेनिंग द्या हे लिहून घ्या.

मृण्मयी_पुणे

जुन्या पात्यांचं काय करतात? मी वाचलंय की ती कशातच विरघळत नाहीत.

टर्बाइन_मेकॅनिक

काचेच्या धाग्याची आणि रेझिनची असतात, वितळवून परत वापरता येत नाहीत. कापून, तुकडे करून सिमेंटच्या भट्टीत जाळता येतात, त्यात राख पण सिमेंटमध्ये जाते. पण वाहतुकीचा खर्च असतो म्हणून कुणीतरी ओढ्यात टाकून मोकळं होणार. कापताना जी धूळ उडते ती अंगाला खाजते, फुप्फुसाला वाईट. गावात कापू देऊ नका, आणि पातं कुठं गेलं त्याची पावती मागा.

सड्यावरचा

सगळ्यांचं मिळून १५ ऑगस्टच्या ग्रामसभेसाठी ठरावाचा मसुदा असा होतोय. मशीन बदलायला नव्यानं ग्रामसभेची संमती लागेल, जुनी धरली जाणार नाही. युनिटमागं किमान ५ पैसे ग्रामपंचायतीच्या स्वतंत्र खात्यात, जॉइंट रीडिंगची प्रत दर महिन्याला. घरापासून ५०० मीटर, मोजणी गावासमोर. बंद मशीनचं फाउंडेशन किमान एक मीटर खोल फोडून वर माती, आणि त्यासाठी काम सुरू व्हायच्या आधी बँक गॅरंटी. मोकळ्या जागा विकायच्या तर आधी मूळ मालकाला विचारणं. पाती गावात कापायची नाहीत. आयटीआयच्या मुलामुलींना ट्रेनिंग. पक्ष्यांची मोजणी आधी आणि नंतर. सत्तर मीटरचं पातं बोरणे घाटातून वर न्यायचं तर वळणं कापावी लागणार, त्यात रस्त्याचं आणि झाडांचं जे नुकसान होईल ते कंपनीनं ज्याचं त्याला भरून द्यायचं, आणि काम चालू असताना एसटी आणि अँब्युलन्सची वाट अडवायची नाही.

काही राहिलं असेल तर सांगा.

साक्रीकर

गुरांची वाट राहिली. मशीनभोवती कुंपण घालून सड्याचे चरायचे रस्ते बंद करायचे नाहीत हे टाका. आणि ठराव एका गावाचा नको, सड्याला लागून जेवढ्या ग्रामपंचायती आहेत सगळ्यांचा एकाच भाषेतला पाहिजे. एका गावानं नाही म्हटलं की ते शेजारच्या गावात जाऊन स्वस्तात सही घेतात, आमच्याकडं तसंच झालं.

सड्यावरचा

टाकलं दादा. शेजारच्या गावांचे सरपंच या रविवारी भेटतायत, मसुद्याच्या प्रती घेऊन जातोय.

वाडीची_सून

मसुदा मला पण पाठवा. आमच्या हद्दीतल्या लोकेशनची यादी, कुठलं मशीन कुणाच्या नावावर आणि करार कधी संपतो, ही ग्रामपंचायतीकडं नाहीच. ती कुठून मिळेल?

टर्बाइन_मेकॅनिक

पुण्याला महाऊर्जाकडं, म्हणजे राज्याच्या अपारंपरिक ऊर्जेच्या संस्थेकडं, माहिती अधिकारात अर्ज टाका ताई. प्रत्येक टॉवरच्या दारावर लोकेशन नंबर लिहिलेला असतो, त्यांचे मोबाइलवर फोटो काढून यादी अर्जाला जोडा, म्हणजे माहिती उपलब्ध नाही असं उत्तर द्यायला जागा रहात नाही. वीजखरेदी कराराची तारीख महावितरणकडं मिळेल, त्यांना वेगळा अर्ज. ग्रामसभेच्या आधी उत्तर हातात हवं असेल तर दोन्ही अर्ज याच आठवड्यात टाका, तीस दिवस धरून चाला.